न तुटलेला जोड

आमच्या विंच ऑपरेटरला तारेचं वेड होतं. वेडच म्हणतो, कारण दुसरा शब्द मला सापडत नाही. सत्तरच्या दशकात मी नागपुरातल्या एका वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो. कोळशाच्या शोधासाठी जिल्ह्यात बोअर मारले जात आणि आमचं युनिट ते आतून तपासायचं. माणसाच्या उंचीचं, नळीसारखं एक यंत्र पोलादी तारेला लटकवून बोअरमध्ये सोडायचं आणि वर ओढता ओढता खालच्या थरांची नोंद घ्यायची. यंत्राला आम्ही टूल म्हणायचो. ट्रक, तार गुंडाळायचा रहाट म्हणजे विंच, आणि खुद्द तार ऑपरेटरच्या ताब्यात होती. तारेचं टोक टूलला जोडणं माझं काम.

तार वर येताना तो तिच्यावर फडकं धरून बसायचा. फडकं जिथं अडकेल तिथं वरचा एखादा बारीक तंतू तुटलेला असणार, म्हणून विंच थांबवून खडूची खूण करायचा. काम संपलं की तेलाचा हात. एकदा मी विंचवर टेकून डबा उघडला, तर ट्रकमधूनच ओरडला, "तुह्या घरच्या चुलीवर बसतं का गा असा?" आम्ही त्याची टिंगल करायचो, पण तार म्हटली की सगळं युनिट त्याच्याच शब्दावर चालायचं.

आता जोडाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यापाशीच आहे. हा जोड मुद्दाम कच्चा ठेवायचा असतो. तारेतले ठरलेले नऊ तंतू जोडात अडकवायचे, उरलेले कापून टाकायचे. टूल खाली अडकलं आणि ताण हाताबाहेर गेला, तर तुटायचं ते खाली, जोडापाशी. वर माणसं उभी असतात, तिथं काही तुटता कामा नये. मला हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. तो ट्रक चालवता चालवता ऑपरेटर झालेला, त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं.

एका पावसाळ्यात जोड तुटला आणि टूल बोअरमध्येच राहिलं. नियमानं झालं ते बरोबरच झालं होतं, पण साहेब लोकांनी आकाशपाताळ एक केलं. टूल परदेशी, दुसरं मिळायला वर्ष लागणार. ऑपरेटरला लेखी खुलासा मागितला. वर्कशॉपमध्ये पोरं त्याला 'टूलबुडव्या' म्हणायला लागली आणि माझ्याही हाताला नावं ठेवायला लागली. तो माझ्याकडे आला.

"थोडा मजबूत बांधून दे ना गा. पुन्हा टूल गेलं तं मले तोंड दाखवाले जागा नाही."

मी त्याला समजावून सांगू शकलो असतो. पाच मिनिटांचं काम होतं. पण मलाही ते नावं ठेवणं झोंबलं होतं. मी नऊऐवजी तेरा तंतू ठेवले. तो खूश झाला, आणि खोटं कशाला बोलू, मीही.

पुढच्या उन्हाळ्यात उमरेडकडच्या एका शिवारात टूल अडकलं. बोअरची भिंत ढासळली असावी. त्यानं सगळ्यांना लांब पिटाळलं. मला म्हणाला, "तू बी सरक, तारेसमोर उभा नको राहू." आणि स्वतः लिव्हर धरून विंचमागे थांबला. ताणाचा काटा चढत गेला. जोड तुटायला हवा होता त्या आकड्याच्या पुढे काटा गेला. "थांबा!" एवढं ओरडायचं होतं. ओरडलो असतो तर तेरा तंतूंचं सांगावं लागलं असतं. तेवढ्या विचारात वेळ गेला.

तार वर, बोअरवरच्या पुलीजवळ तुटली. तुटलेलं टोक उलटं फिरून विंचकडे आलं आणि त्याच्या तोंडावर बसलं.

मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात तो दोन महिने होता. डावा डोळा गेला, डावा हात खांद्याच्या वर उचलेना. चौकशीच्या साहेबांनी मला विचारलं, "जोडात तंतू किती ठेवले होते?"

"नियमाप्रमाणे, साहेब. नऊ."

जोड टूलसकट बोअरच्या तळाशी, आणि तो बोअर सिमेंटनं बुजवलेला. तपासणार कोण? नऊ तंतूंचा जोड टिकला आणि तार तुटली, म्हणजे तारच सडलेली असणार, असा हिशेब साहेबांनी मांडला. तारेच्या देखभालीत ऑपरेटरची हयगय, असा शेरा पडला. त्याला विंचवरून काढून स्टोअरमध्ये स्टुलावर बसवलं. त्यानं काही वाद घातला नाही. "साहेबानं लिहिलं तं खरंच असंन," म्हणाला.

त्या दिवसापासून मी एकही जोड नवाच्या वर बांधला नाही. याचं पुण्य लागत असेल तर लागो, मला तरी कधी बरं वाटलं नाही.

तो आणखी अकरा वर्षं जगला. इतवारीत भांड्यांच्या दुकानांमागे त्याच्या दोन खोल्या होत्या. दर दिवाळीला मी जायचो. दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचंच. आणि दर वेळी तो घरात आलेल्या कुणालाही माझी ओळख अशी करून द्यायचा, "पक्क्या हाताचा माणूस आहे हा. तार तुटली, पण ह्याचा जोड नाही तुटला." एवढं ऐकलं की मी फराळाचं ताट पुढे ओढायचो.

शेवटच्या दिवाळीला तो खाटेवरच होता. मला म्हणाला, "मी रोज ते तार आठवून पाह्यतो गा. पहिल्या वेढ्यापासून शेवटापर्यंत. फडकं कुठं अडकलं, खडू कुठं लावला, सगळं आठवते. पण माह्याकून कोनती जागा पाहाची राहून गेली, ते काही सापडत नाही."

राहून काहीच गेलं नव्हतं. हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

"जाऊ द्या ना भाऊ," मी म्हणालो. "झालं ते झालं." आणि वहिनींनी आणलेला चहा पिऊन घरी आलो.