विहिरीची पाळी आणि माझं एम.ए.चं गणित

नागपूरला गणित घेऊन एम.ए. करत होतो, तेव्हा उन्हाळ्याच्या सुटीत अनसिंगजवळच्या आमच्या गावी आलो. पायांत नवे बूट होते, डोक्यात मॅट्रिक्स. घरात दोन्हींचा कोणाला उपयोग नव्हता.

त्या वर्षी वडिलांचं आणि काकाचं विहिरीच्या पाळीवरून वाजलं होतं. विहीर एक, मोट एक, आणि भाजीच्या वाडीचे दोन भाग. वडील म्हणत, "मी थोरला. सकाळ असो का दुपार, त्याले एक तास तं मले दोन." काका म्हणे, "विहीर बापाची हाय. हर पाळीत दोघायले सारखंच पायजे." दोघांनी अबोला धरला होता. त्यामुळे हे सगळं ते मला सांगत, आणि मी ते शेजारच्या बाजेवर बसलेल्या दुसऱ्याला सांगे. तोवर जो आधी उठे तो मोट जुंपे. वाडीतली वांगी-मिरची त्या गोंधळावरही तरारून आली होती.

पण मी शिकलेला. गोंधळ चालू द्यायचा म्हणजे काय!

मी कागदावर सहा घरांचा तक्ता आखला. आडव्या ओळी दोन, वरची वडिलांची, खालची काकाची. उभ्या ओळी तीन: सकाळ, दुपार, संध्याकाळ. प्रत्येक घरात पाण्याचे तास. वडिलांना चालतील असे तक्ते म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीच्या दुप्पट. असे दोन तक्ते एकमेकांत मिळवा, नाहीतर एखादा तिप्पट करा, नवा तक्ताही वडिलांना चालतो. म्हणजे त्या तक्त्यांचं एक कूळच झालं. दोन्ही ओळी सारख्या असलेल्यांचं दुसरं कूळ काकाचं. आता दोन्ही कुळांत बसेल असा तक्ता शोधायचा, एवढाच प्रश्न होता. प्रत्येक कुळात तीन घरं हवी तशी भरायला मोकळी, उरलेली तीन त्यांच्यामागून ठरतात. दोन्ही कुळं मिळून सहाच्या सहा घरं व्यापतात, मग सामाईक काय उरणार? एकच तक्ता, सगळीकडे शून्य. एखादी संख्या दुसरीच्या दुप्पटही आणि बरोबरही असायची तर दुसरं काय होणार, हे गुराख्यानं उभ्याउभ्या सांगितलं असतं. मला दोन दिवस आणि चार पानं लागली, कारण मी पुस्तकातल्या रीतीनं केलं.

अंगणात शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर दोघांना बसवून मी निकाल वाचला. "दोघांनाही मान्य होईल असा तक्ता एकच आहे. कोणीच पाणी काढायचं नाही." वाचून थांबलो. वाटलं, आता दोघं वरमतील आणि काहीतरी सोडतील.

"म्हंजे त्याले बरोबरी भेटत नाई?" वडिलांनी विचारलं.

"नाही."

"अन् भाऊले दुप्पट?" काका म्हणाला.

"तेही नाही."

"मंग मले मंजूर हाय," दोघं जवळजवळ एकदमच म्हणाले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं. मोडेन पण वाकणार नाही, हे ब्रीद दोघांनाही पाळता आलं होतं. काकानं सुपारी कातरली आणि अर्धी वडिलांना दिली.

मी घाबरलो. सांगितलं की शून्य प्रत्येकच कुळात असतं, पुस्तकात त्याला कोणी उत्तर म्हणून धरत नाही. वडील चिडले. "चार मान्सात शब्द देल्ला. आता मांगं फिरून राह्यला काय?" त्यांनी मोट गोठ्याच्या आढ्याला टांगली. येईल त्याला ते माझा कागद दाखवत आणि पोरानं कसा न्याय केला ते सांगत. मी मनातल्या मनात बूट काढून स्वतःला मारत होतो.

आई आणि काकू वाडी जगवायला घागरी घेऊन निघाल्या, तर दोघा भावांनी मिळून त्यांना अडवलं. ठरलं म्हणजे ठरलं. वैशाखाच्या उन्हात आठ दिवसांत वाडी पार वाळून गेली.

नवव्या दिवशी दोघी मिरचीची वाळकी झाडं चुलीसाठी उपटत होत्या. मीही जाऊन वाकलो. काकू माझ्याकडे न बघता म्हणाली, "शिकला तेवढा हुकला." आईनं हातातलं झाड ढिगावर टाकलं. मग म्हणाली, "तुह्या कागदावर वळी किती होत्या रे?"

"दोन. बाबांची आणि काकाची."

"लावली आमी. निंदली आमी. वाफ्यावाफ्यात पानी आमी दोघी फिरवतो. आमची वळ कुठं हाय?"

पुढं परीक्षेत तसाच दोन कुळांचा प्रश्न आला, त्यात मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. आईनं विचारलं तेव्हा मात्र मी मान खाली घालून झाडं उपटत राहिलो.