मला सुचलं, असं मी म्हणाले

ही गोष्ट मी आजवर निदान वीस-पंचवीस ठिकाणी सांगितली असेल – माईक हातात घेऊन, टाळ्या घेऊन. आणि तरी खरी कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, भावाला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि खरं सांगू? आता मला माझाच वीट आलाय.

परवा पुन्हा एका कॉलेजातून फोन. कला शाखेतून एमबीएला कसं जायचं यावर मुलांशी बोला म्हणे, तुमचा प्रवास सांगा. प्रवास! हुपरी ते कोल्हापूर, एसटीनं, बहुतेक वेळा उभ्यानं – एवढाच माझा प्रवास. पण त्यांना तो नको असतो, त्यांना प्रेरणा पाहिजे असते. शाल, श्रीफळ, मागं एक फलक, त्यावर माझा फोटो. मी दरवेळी वैतागते आणि दरवेळी हो म्हणते. मग फोन ठेवला की दिवसभर घरातल्यांवर खेकसत बसते. त्यांचा काय दोष?

मी बी.ए. केलं ते तत्त्वज्ञान घेऊन. का, असं विचारू नका – सगळ्यांनी विचारून झालंय. मला तो विषय आवडला, बस्स. वर्गात आम्ही चौघी, शिकवणारे सर एक, आणि खिडकीतून येणारा कॅन्टीनमधल्या भज्यांचा वास. ती तीन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती. पण बाहेर पडले आणि जो तो मला झोडपायला लागला. एका मामांनी विचारलं, "आता काय, कीर्तन करतीस काय?" आत्यानं आईला बाजूला घेऊन विचारलं की पोरीला संसाराचा कंटाळा आलाय का. अहो, संसार अजून सुरू व्हायचा होता! शेजारची, बी.कॉमला कशीबशी पास झालेली, तीसुद्धा माझ्याकडं कीव आल्यासारखी बघायची. या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मी एमबीएची परीक्षा दिली. गुण बरे पडले. कोल्हापुरातल्याच एका संस्थेनं मुलाखतीला बोलावलं.

मुलाखतीचं सांगते, पण त्याआधी वहिनीचं सांगायला पाहिजे. बघा – इथंसुद्धा मी तिला मागंच ठेवलं.

आमच्या घरी चांदीच्या पैंजणांचं काम. हुपरीत कुणाच्या घरी नाही? एक पैंजण एका घरात पुरं होत नाही. एकाकडं तार ओढतात, दुसऱ्याकडं कड्या जोडतात, तिसऱ्याकडं घुंगरं लावतात, चौथ्याकडं पॉलिश. अर्धवट पैंजणांच्या जुड्या या घरातून त्या घरात फिरत असतात. आणि मग व्यापाऱ्याकडून माल परत आला – घुंगरू निसटलंय, कडी उघडी राहिलीय – की चार घरांत भांडणं. हे म्हणणार त्यांची चूक, ते म्हणणार आमच्याकडं आलं तेव्हाच तसं होतं. बायका बायकांशी बोलायच्या बंद झाल्या होत्या.

माझी वहिनी या घरात आली ती दहावी शिकून, सीमेकडच्या एका खेड्यातून. आल्यावर पहिलं वर्षभर गप्प. मग एके दिवशी शिलाईच्या डब्यातली रिळं काढून बसली. प्रत्येक घराला एक रंग दिला. जुडी हातात आली की आधी ती उलटीपालटी करून बघायची, बरी असली तरच आपल्या रंगाचा दोरा तिला बांधायचा. एकदा का दोरा बांधला, की आधीच्या घराची चूक ती तुमची चूक. म्हणजे दोष करणाऱ्याच्या नव्हे, बघून घेणाऱ्याच्या गळ्यात! सुरुवातीला सगळे तिच्यावर उखडले. मग जो तो जुडी हातात आल्याबरोबर डोळ्यांत तेल घालून बघायला लागला. माल परत यायचा जवळजवळ थांबला. भांडणंही थांबली. वहिनीला विचारलं तर म्हणाली, "मला काय धंद्याचं कळतंय, वन्सं. घुंगरं लावणारी ती सुमन माझ्यासंगं बोलंना झालती, म्हणून केलं की."

यात माझा वाटा किती? सांगते. कॉलेजच्या सुट्टीत चार दिवस जुड्या पोचवायचं काम माझ्याकडं होतं. मला कंटाळा आला. मी न बघताच दोरे बांधून टाकले. वहिनीच्या ते लक्षात आलं, तिनं सगळे सोडवून पुन्हा स्वतः बघितलं आणि मला एका शब्दानं बोलली नाही. एवढाच माझा वाटा.

तर मुलाखत. समोर तिघं. माझ्या आधी एक इंजिनियर आत जाऊन हसत बाहेर आला होता. मी बसले, एकानं माझा अर्ज वाचला आणि विचारलं, तत्त्वज्ञान? मग इकडं कशाला? मी काहीतरी बोलले. दुसऱ्यानं तेच विचारलं, जरा वेगळ्या शब्दांत. तिसरे, मधले, घड्याळ बघत होते. आत्या, मामा, शेजारीण, सगळे जणू तिथंच येऊन बसले होते. माझा संताप संताप झाला होता – आणि भीतीही वाटत होती, ते खोटं कशाला सांगू? मग मधल्यांनी शेवटचं म्हणून विचारलं, कामाचा, व्यवस्थापनाचा काही अनुभव?

मी म्हणाले, आहे. आमच्या घरी पैंजणांचं काम आहे. तिथं मी एक व्यवस्था लावली.

मी. एवढंच एक अक्षर. बाकी सगळं खरं सांगितलं – रंग, दोरे, चार घरं, भांडणं. मधल्या सरांनी घड्याळावरची नजर काढली. पुढं झुकले. हे तुला सुचलं कसं? आणि मी – अजून माझे कान तापतात – मी म्हणाले, तत्त्वज्ञानामुळे सुचलं सर. कार्यकारणभाव शिकताना. तिघंही खूश. ज्या पदवीला सगळ्यांनी नावं ठेवली तिचा उपयोग मी त्यांना तिथल्या तिथं दाखवून दिला होता. वहिनीच्या जिवावर.

तुम्ही म्हणाल, एवढंच? मुलाखतीत कोण थापा मारत नाही? मीही स्वतःला हेच सांगत होते, कितीतरी वर्षं. एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

प्रवेश मिळाला. मधल्या सरांनी ती गोष्ट लिहून काढली आणि दरवर्षी नव्या वर्गाला शिकवायला सुरुवात केली – माझ्या नावानं. मुलांना हुपरीला नेऊन ते दाखवायची त्यांची फार इच्छा. मी दरवर्षी काहीतरी कारण काढायची. एकदा सुतक सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा सुतक सांगितलं, आणि मग लक्षात आलं की त्याच काकांना मी दुसऱ्यांदा मारलंय. काका ठणठणीत आहेत, अजून सायकल चालवतात. सर बिचारे, त्यांना दोन्ही वेळा वाईट वाटलं.

पुढं मला शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली, लग्न झालं, भाषणं सुरू झाली. वहिनीला यातलं काही माहीत नव्हतं. मी कॉलेजात जाऊन बोलते एवढं तिला ठाऊक होतं, आणि त्याचा तिला अभिमान होता. शेजारणींना सांगायची, आमच्या वन्सं भाषणं करत्यात. तिला ते भाषण ऐकायचं होतं. मी म्हणायची, कंटाळाल हो वैनी.

मग आमच्या त्याच संस्थेनं छोटे धंदे करणाऱ्या बायकांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम काढला. पदवीची अट नाही. फक्त एक लिहून द्यायचं – तुमच्या कामात तुम्ही स्वतः केलेला एक बदल. मला कळलं होतं. मी घरी बोलले नाही. पण बचत गटातून वहिनीला कळलंच. तिचा फोन आला तेव्हा तिचा आवाज मी ओळखलाच नाही, इतकी ती आनंदात होती. "वन्सं, तुमच्याच कॉलेजात हाय की! मी फारम भरलाय. तीन पानं लिवलं, माझ्या हातानं. तुमच्या दादास्नी बी दाखवलं न्हाय अजून."

तीन पानं कशाबद्दल लिहिली, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

त्या वेळी मी काय करायला पाहिजे होतं? कॉलेज कारखान्यापासून असं कितीसं लांब आहे! उठून जायचं, सरांसमोर बसायचं, सांगायचं. रोज सकाळी ठरवायची आणि रोज संध्याकाळी घरी यायची. स्वतःवर इतकी चिडत होते की हाताखालच्या माणसांना नाही नाही ते बोलले. पण गेले नाही.

सरांचाच फोन आला. आवाजात काळजी. म्हणाले, अगं, तुझ्या वहिनींचा अर्ज आलाय, तुझं नाव लिहिलंय त्यात, पण त्यांनी सगळी तुझीच गोष्ट उतरवून काढलीय. अगदी रंगांसकट. मला वाईट वाटतं, म्हणून कमिटीपुढं ठेवण्याआधी तुला विचारतोय. काही गैरसमज आहे का?

काही गैरसमज आहे का. बघा, त्या माणसानं किती सरळ दार उघडून ठेवलं होतं. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

मला काय दिसलं माहीत आहे? तो वर्ग. वहिनी पुढच्या बाकावर, वही उघडून. सर सवयीनं ती गोष्ट शिकवतायत. आणि वहिनी ऐकतेय.

मी म्हणाले, सर, तिनं ते माझ्याकडूनच ऐकलंय. साधी आहे हो ती, तिला वाटलं असेल चालतं. तिच्यावर रागावू नका.

रागावू नका! हे मी म्हणाले. जिचं चोरलं तिलाच चोर ठरवलं आणि वर तिच्यासाठी रदबदली केली. सर म्हणाले, तू म्हणत असशील तर घेऊ या त्यांना, घरचंच माणूस आहे. म्हणजे दुसऱ्यांदा दार उघडलं त्यांनी. मी म्हणाले, नको सर. नियमात बसत नसेल तर राहू दे. त्यांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं.

हाच माझा गुन्हा. मुलाखतीतला नव्हे, हा. तिथं मी घाबरलेली पोरगी होते असं म्हणता येईल, पण फोनवर बोलत होते तेव्हा मी पस्तिशीची बाई होते, माझ्या टेबलावर माझ्या नावाची पाटी होती, आणि माझं कुणी काही बिघडवणार नव्हतं.

वहिनीला पत्र आलं – आपली निवड झाली नाही. कारण दिलं नव्हतं. कारण तिनं स्वतःच शोधलं. म्हणाली, "धावीपातूर शिकल्यालीला कोण घ्यायचं, वन्सं? मीच खुळी, मोठ्या हौसंनं लिवलं." मी म्हणाले, वैनी, मनाला लावून घेऊ नका. आणि तिनं मनाला लावून घेतलं. सगळ्या गल्लीला धाकात ठेवणारी बाई ती – व्यापाऱ्याशी बोलायला आता दादाला पुढं करते. कुणी काही विचारलं तर म्हणते, मला काय कळतंय त्यातलं. पूर्वीही हेच म्हणायची, पण तेव्हा हसत म्हणायची.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. मी कारखान्यातून निघाले होते, गाडी कडेला घेतली. मोठं काम आलं होतं आणि आणखी दोन घरं जोडून घ्यायची होती. तिनं एक विचार केला होता – नव्या घरांकडं थेट जुडी न पाठवता, पहिले पंधरा दिवस त्या बायकांना आपल्या घरी बोलवायचं, शेजारी बसवून बघायला शिकवायचं, आणि मगच काम द्यायचं. इतकं बरोबर होतं ते, की आमच्या कारखान्यातसुद्धा कुणाला सुचलं नसतं. पण ते सांगताना ती चाचरत होती. मध्येच म्हणाली, "न्हाय, म्हंजे माझ्या मनानं मी काय तरी करायची आणि चुकायचं. तुम्ही शिकल्याल्या, तुम्ही सांगा. करू काय असं?"

मला सांगता आलं असतं. गाडी उभीच होती, रस्ता मोकळा होता, ती ऐकत होती.

मी म्हणाले, करा वैनी, बरोबर आहे.

तिनं केवढा तरी मोठा श्वास सोडला. "बरं झालं बघा. तुम्ही सांगितलासा, आता मला भ्या न्हाय."

आणि मी तिला म्हणाले, पुन्हा कधी अडलं तर मला विचारत जा.