पाइपातल्या बाईचा जबाब

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता पुसट झाली आहेत. खून, दरोडे, दंगली, सगळं एकमेकांत मिसळून जातं. पण वाळूज भागातल्या एका गच्चीखाली मी घेतलेला एक जबाब मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. असा जबाब खात्यात दुसऱ्या कुणी घेतला असेल असं मला वाटत नाही.

आमच्या शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. वाळूजच्या कारखान्यांभोवती खोल्यांच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या. ज्यांची शेतं औद्योगिक वसाहतीत गेली, त्यांनी उरलेल्या जागेवर दोन-तीन मजले चढवले आणि शेतकऱ्याचे घरमालक झाले. शेती कशी करायची हे त्यांना बापजाद्यांनी शिकवलं होतं. भाडेकरू कसा सांभाळायचा हे शिकवणारं मात्र कुणी नव्हतं. त्यामुळे पाणी, मोरी, मोठ्यानं लावलेला टेप, जिन्यात उभी केलेली सायकल, असं सगळं शेवटी आमच्या ठाण्यात येऊन पडायचं.

एके दिवशी ठाण्याच्या फोनवर निनावी खबर आली. फोन करणाऱ्यानं इमारतीचा पत्ता नेमका दिला आणि म्हणाला, "साहेब, वरच्या मजल्यावर कारखान्यातला एक ऑपरेटर आणि त्याची म्हातारी आई राहतात. पण आत आणखी एक बाई कोंडलेली आहे. तिला कुणी पाहिलं नाही. रोज दुपारी रडते. म्हातारी तिला समजावत असते, ते आम्ही गल्लीतून ऐकतो. खिडक्यांना काळे कागद लावलेत."

अशा खबरीकडे दुर्लक्ष करता येत नाही. सुनेला कोंडून छळल्याची प्रकरणं आम्ही पाहिलेली होती. मी माझे हवालदार आणि एक महिला शिपाई घेऊन निघालो.

घरमालक खालीच भेटला. साठीच्या आसपासचा, धोतर-टोपीतला, अंगानं किरकोळ माणूस. आम्हाला पाहून त्याच्या चेहऱ्यावर भीती आणि समाधान असं दोन्ही एकदम आलं. तेव्हा मला ते विचित्र वाटलं, पण पोलीस दारात आले की लोकांचे चेहरे कसेही होतात.

"सायेब, म्या बी ऐकलंय," तो म्हणाला. "लई वंगाळ रडती. ती खोलीच बाधित हाये. भाडेकरूनं खोली सोडली की समदं शांत व्हतंय बघा."

वर गेलो. ऑपरेटर झोपेतून उठून आला. कानात कापसाचे बोळे. त्याची कायम रात्रपाळी असल्यामुळे तो दिवसा झोपायचा आणि उजेड नको म्हणून काळे कागद लावलेले. एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर. सगळं पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडलं. बाई नाही. बाईचे कपडेही नाहीत, म्हातारीचे सोडून.

मी म्हातारीला विचारलं, "अम्मा, इथं कोण रडतं?"

ती शांतपणे म्हणाली, "हौ, रोती ना. रोज रोती बिचारी."

"कुठं असते ती?"

"पाइप में."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. महिला शिपाई खोकल्याचं निमित्त करून जिन्यात गेली. म्हातारीचं वय झालंय अशी मनाशी नोंद करून मी पुढच्या तपासाला लागलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेटरला चौकशीसाठी ठाण्यात बोलावलं. घरमालकालाही साक्षीदार म्हणून बोलावलं. तो उत्साहानं आला आणि चहा पिऊन संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिला. म्हातारीसोबत महिला शिपाई ठेवली होती. ऑपरेटर सरळ उत्तरं देत होता. मूळ अजिंठ्याकडचा, वडील वारलेले, लग्न व्हायचं होतं. झोपेत ढोल वाजला तरी कळत नाही, म्हणाला.

"अम्मी म्हणते कुणीतरी रडतं. मला वाटलं, एकटी बसून तिला भास होतात. घर बदलायचं माझ्याही मनात आहे साहेब, पण अम्मी तयारच होत नाही."

हे शेवटचं वाक्य मी त्या वेळी फारसं मनावर घेतलं नाही.

संध्याकाळी महिला शिपायानं सांगितलं, दुपारभर कुणीही रडलं नाही. हवालदार लगेच म्हणाले, "साहेब, माणूस इथं होता म्हणून आवाज बंद. हाच आहे."

हवालदारांचं म्हणणं वरवर बरोबर होतं. पण तपासात एकच गोष्ट बदलून पाहायची असते. तिसऱ्या दिवशी मी फक्त ऑपरेटरला बोलावलं, घरमालकाला नाही. तो माझ्यासमोर बसलेला असतानाच महिला शिपायाचा शेजारच्या दुकानातून फोन आला.

"साहेब, रडतेय! न्हाणीघरात स्पष्ट ऐकू येतंय. खोली सोड, खोली सोड म्हणतेय. आणि म्हातारी तिला म्हणतेय, मत रो बेटी."

ऑपरेटर माझ्यासमोर होता आणि तरी बाई रडत होती. मग आदल्या दिवशी, ती गप्प होती तेव्हा, आणखी कोण ठाण्यात होतं? मी रिकाम्या बाकाकडे पाहिलं.

चौथ्या दिवशी आम्ही साध्या कपड्यांत मागच्या बाजूनं गेलो. न्हाणीघरातली हवा बाहेर जावी म्हणून बसवलेला सिमेंटचा एक रुंद पाइप थेट गच्चीवर निघत होता. हवालदारांना मी जिन्यात दबा धरून बसवलं आणि स्वतः न्हाणीघरात बादली उलटी टाकून बसलो. ऊन चढलं होतं. थोड्या वेळानं वरून बारीक, घोगरा सूर आला.

"खोलीऽऽ सोडाऽऽ... लई तरास व्हईलऽऽ..."

मी सवयीनं विचारलं, "पोलीस ठाण्यातून आलोय. नाव काय तुमचं?"

मग चाचरत आवाज आला, "म्या... म्या हडळ हाये."

"पूर्ण नाव सांगा. वय? राहणार?"

"राहणार... हितलीच."

"हितली म्हणजे भाडेकरू का? मालकानं ठाण्यात तुमची माहिती दिलेली नाही. भाडेकरूची माहिती देणं सक्तीचं आहे."

वर कुणीतरी आवंढा गिळल्याचं मला खाली ऐकू आलं.

"मयत कशानं झालात?"

"हिरीत पडून."

"कुणाच्या विहिरीत?"

हा प्रश्न अनपेक्षित असावा. घाईघाईनं उत्तर आलं, "मालकाच्या."

"म्हणजे मालकाच्या विहिरीत बाई मेली आणि त्यानं ठाण्यात खबर दिली नाही? मृत्यू लपवला? मग मालकावर गुन्हा दाखल करून त्याला आजच अटक करावी लागेल."

तेव्हा पाइपातून खणखणीत पुरुषी आवाज घुमला. "नाय नाय सायेब! मालकाचा काय बी संबंध नाय! मालक लई गरीब मानूस हाये हो!"

जिन्यातल्या हवालदारांनी वर धाव घेऊन घरमालकाला तिथंच धरलं. गच्चीवर तो पाइपाला तोंड लावून पालथा पडला होता आणि डोक्यावर बायकोचं लुगडं घेतलं होतं. मला वाटलं सोंगासाठी. तो म्हणाला, "उन्हासाठी हो सायेब. टाळू भाजती."

खरी भुतं रात्री येतात म्हणे. पण भाडेकरू रात्री कारखान्यात असायचा, त्यामुळे या बिचाऱ्याला भर दुपारी कामावर यावं लागत होतं. एवढं करून ज्याला घाबरवायचं तो कानात कापूस घालून झोपलेला.

खाली आणून विचारलं, हा उद्योग कशासाठी? मान खाली घालून त्यानं सांगितलं. मुलाचं लग्न ठरलं होतं. मुलीकडच्यांची अट होती, नव्या जोडप्याला वेगळी जागा हवी. स्वतंत्र स्वयंपाकघर फक्त त्या वरच्या खोलीला होतं.

"मग सरळ सांगायचं ना, खोली रिकामी कर म्हणून."

त्याचे डोळे भरून आले. "कोणत्या तोंडानं सांगू सायेब? मागच्या साली मालकीण टायफाईडनं पडली, तवा या माउलीनं दोन्ही घरचा सैपाक केला. तिला म्हनू, नीघ? जीभ रेटंना. म्हटलं, भुताला भिऊन आपसूक गेली तर माझ्यावर बोल नाय."

मी ऑपरेटरला उठवून विचारलं, "तुम्हाला घर बदलायचं होतं म्हणालात. अडलं कुठं?"

तो डोळे चोळत म्हणाला, "साहेब, कारखान्यातल्या मित्रांबरोबर मिळून आम्ही छोटी घरं बांधली. माझी किल्ली कधीच हातात आली आहे. पण अम्मी हलेना. म्हणते, मैं गई तो उस बच्ची से बात कौन करेगा?"

ज्यांना घालवण्यासाठी घरमालक इतके दिवस ऊन खात होता, ते त्याच्याच रडण्यामुळे थांबले होते.

आता म्हातारीला खरं सांगणं भाग होतं. ते काम मी घरमालकावरच सोपवलं. त्यानं हात जोडून सांगितलं, पण तिचा विश्वास बसेना. "झूट मत बोलो भाऊ. वो जवान छोकरी है." शेवटी मालकीण, ऑपरेटर, हवालदार आणि मी असे सगळे उभे असताना त्या गृहस्थाला लाजत लाजत सूर काढावा लागला. "खोलीऽऽ सोडाऽऽ..."

म्हातारी त्याच्याकडे बघतच राहिली. "या अल्ला. तुमकू मैं बेटी बोली? तुम्हारे वास्ते दुआ मांगी?" मग तिला काहीतरी आठवलं. "और वो जीने पे मैं रोज रोटी-सालन रखती थी..."

"खाल्लं म्या," तो पुटपुटला. "लई झाक व्हतं."

सगळ्यांत आधी मालकीणबाई हसल्या. "तरीच म्हनलं, ह्ये दुपारचं जेवत का नाईत!" मग म्हातारीनं तोंडाला पदर लावला, आणि ती हसतेय की रडतेय ते आम्हाला बराच वेळ कळलं नाही.

गुन्हा दाखल केला नाही. कुणाचीच तक्रार नव्हती. ठाण्याच्या डायरीत नोंद घेतली आणि घरमालकाला लेखी समज दिली. समजपत्रात 'यापुढे पाइपातून बोलणार नाही' असं वाक्य घालताना रायटरनं मला तीनदा विचारून खात्री केली. आठवड्याभरात खोली रिकामी झाली. सामान टेम्पोत चढवायला घरमालक स्वतः होता, आणि मुलाच्या लग्नात म्हातारी मालकीणबाईंच्या शेजारी बसली होती. तिनं मला आग्रहानं जिलेबी वाढली.

त्यानंतर नोकरी असेपर्यंत माझी एक रीत झाली. घरमालक भाडेकरूविरुद्ध, किंवा भाडेकरू मालकाविरुद्ध अर्ज घेऊन आला की मी अर्ज बाजूला ठेवून आधी विचारायचो, "हे तुम्ही त्यांना तोंडानं सांगितलंय का?" बहुतेक जण खाली बघायचे. तेव्हा मला त्यांची गंमत वाटायची. पोलिसांसमोर छाती काढून उभा राहणारा माणूस शेजाऱ्याच्या दारात का अडखळतो, हे मला कळत नसे.

निवृत्तीनंतर मी वरचा मजला भाड्यानं दिला. भाडेकरू सज्जन आहे, पण पहाटे मिक्सर फिरवतो. परवा त्याला सांगायचं म्हणून वर गेलो. त्याच्या बायकोनं दार उघडलं, आत बोलावलं, पोहे दिले. पोहे खाल्ले, मुलांचा अभ्यास विचारला आणि खाली आलो. बायकोनं विचारलं, "सांगितलंत का?" मी म्हणालो, "मिक्सर चांगल्या कंपनीचा आहे."