वरची पट्टी, खालची पट्टी

सांगू का नको, याचाच विचार करून राह्यलो होतो. पण चहा आलाच हाये, आन् तिवस्यापासून मोझरीपर्यंत समद्यायले माहीत झालंच हाये. म्हटलं, दुसऱ्याकडून तिखटमीठ लावून आयकण्यापेक्षा माह्याच तोंडून आयका. हसा, पण कप सांभाळून हसा!

आता मी झेंडूवाला माणूस. दोन एकर झेंडू, बाकी भाजीपाला. पण गावात माही खरी ओळख काय? मोबाईलमास्तर! कोणाले लिंक आली का पहिले माह्याकडं. आन् माहा एकच मंत्र: "पट्टी पाहा! पानाचा पत्ता लिहिलेला असते ना, ते पट्टी. पत्ता बरोबर आन् बाजूले कुलूप, मंग बिनधास्त!"

माहा साळा सुभाष अकोल्याले राह्यते. त्यानं एकदा पट्टी न पाहता कायतरी दाबलं आन् फसला. म्या त्याले वर्षभर सोडला नाही. बारसं असो का तेरवी, भर पंगतीत विचारो, "काय सुभाषराव, पट्टी पाहता ना आता?" बिचारा मान खाली घालून वरणभात खाये.

तं झालं असं. आमच्या शोभाचा, म्हणजे माह्या बायकोचा, दहा बायायचा बचत गट हाये. मुंगवड्या, कुरोड्या, सरगुंडे असं वाळवण करतात. अमरावतीच्या प्रदर्शनात एक स्टॉल भेटावा म्हणून तीन वर्षांपासून धडपड चालू. यंदा फारम ऑनलाइन निघाला, आन् शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचले बंद!

शोभा म्हणे, "सुभाषले सांगते भराले."

झोंबलं ना राजेहो! "सुभाषले? काहून? मी मेलो काय?"

"अभद्र बोलू नका. भरा तुमीच. पण नीट भरा, दहा बायायनं उन्हात बसून वाळवण घातलं हाये."

मोबाईलवर कोणीतरी लिंक पाठवलीच होती, स्टॉलच्या नोंदणीची. उघडली. पान जरासं खाली सरकवलं, तं वर एक पट्टी. सरकारी पत्ता, बाजूले कुलूप, एकदम झकास. आन् खाली बी एक पट्टी! तिच्यात कायतरी लांबलचक भलतंच नाव. पण कुलूप तिलेही होतं.

आता माहा फोन मोठा, अंगठा वरपर्यंत पुरत नाही, म्हणून म्या पट्टी सेटिंगमधून खालीच घेतली होती. मंग वर दुसरी कुठून आली? शहाण्या माणसाले शंका आली असती. मले काय आलं? कौतुक!

"शोभे, हे पाहाय! दोन पट्ट्या, दोन कुलपं! सरकारी काम हाये, डबल बंदोबस्त. आपण कौंडण्यपूरच्या जत्रेले जातो तवा दाराले दोन कुलपं लावतो का नाही?"

तिनं चष्मा लावला, बोट लावून पाह्यलं. "अवो, हे वरची दाबली तं काहीच होऊन नाही राह्यलं. खालची दाबली तं अक्षरं येऊन राह्यली."

"कुलूप हाये वं ते! दाबल्यानं उघडलं तं कुलूप कायचं?"

"आन् खाली हे भलतंच नाव?"

"ते मागच्या दरवाजाचा पत्ता असन."

बाई दहावी, मी बी.ए. तिनं दोन सवाल बरोबर विचारले, म्या दोन्हीचे जवाब चुकवले.

पानानं नंबर मांगला, देला. सहा आकड्यायचा कोड आला, तो मांगला, तोही देला. कोड कोणालेच देऊ नका, हे गावाले सांगणारा कोण? मीच! पण इथं माणूस कुठं मांगत होता, पान मांगत होतं ना! मंग हिरव्या अक्षरात आलं, 'नोंदणी झाली.' शोभानं दहाही बायायले फोन करून सांगतलं.

पंधरा मिनिटात माहं व्हॉट्सॲप बंद! आन् शोभाच्या फोनवर माह्याच नावानं मेसेज: 'मी नोंदणी केलेली आहे. आपणही कृपया त्वरित करावी.' खाली तेच लिंक.

शोभा माह्या तोंडाकडं पाहे. "तुमी कवापासून 'आपण' म्हणून राह्यले?"

अख्ख्या गावाले गेला तो मेसेज! मी चप्पल न घालता पळालो. "भरू नका! म्या पाठवलेलं म्या पाठवलेलं नाही!" पारावरचे बुढे म्हणे, "मंग तू कोण?" आमच्या बाजूचा वामन दारात फोन घेऊन उभा. "मास्तर, मले तं एकच पट्टी दिसून राह्यली, वरची. पत्ता बरोबर हाये, कुलूप हाये, भरू ना?" फोन हिसकावून घेतला त्याचा.

घरी आलो तं शोभाच्या फोनवर सुभाष, स्पीकर चालू; मेसेज त्यालेही गेला होता. म्हणे, "भाऊजी, ते वरची पट्टी म्हणजे नुसतं चित्र असते, पानावर काढलेलं. पान सरकवलं का वर असलेली खरी पट्टी लपते आन् तिच्या जागी हे दिसते. भल्याभल्यायले कळत नाही. पण तुमची पट्टी तं खाली असते, जागेवरच राह्यते ना? तुमाले दोन्ही दिसल्या असतील."

"दिसल्या."

"मंग?"

काय सांगू बाप्पा! चोराचा डाव माह्या फोनवर पुरा उघडा पडला होता. म्या त्याले सांभाळून घेतला!

शोभा खाली बसली आन् हळूच म्हणे, "तीन वर्षं झाले वो." डोळे भरले तिचे. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. मले लय वाईट वाटलं, खरंच.

"ताई, रडू नको, वीस मिनिटं हायेत," सुभाष म्हणे. त्यानं अकोल्यातून खरं पान उघडलं, शोभा एकेक नाव सांगत गेली, तो भरत गेला. पाचले पाच मिनिटं कमी असताना नोंदणीचा मेसेज आला, खराखुरा. आन् राजेहो, त्यानं मले एक शब्द टोमणा मारला नाही. कसं सहन करावं माणसानं?

प्रदर्शनात स्टॉल असा चालला म्हणता! एक बाई आली, मुंगवड्या घेतल्या, मोबाईल काढला आन् मले विचारे, "काका, ऑनलाइन चालते ना?"

मी तोंड उघडणार, तं मागून शोभा, "चालते ताई, पण इकडं विचारा. यायले फक्त पोते उचलाले आणलं."

आन् खोटं काहून बोलू, पोते मी एकही चुकीचं उचललं नाही.