केतकीच्या नावावरचा पंप

माझी भक्ती पहिल्यापासून भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. दत्तगुरूंच्या तसबिरीसमोर मी हात जोडते ते बहुतेक वेळा काहीतरी मागायला, नाहीतर जाब विचारायला. त्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीनंतर तर मी त्यांना धड श्वास घेऊ दिला नाही. सकाळी दिवा लावताना भांडण, ऑफिसला निघताना भांडण, इंग्लंडातल्या आमच्या मिल्टन कीन्सच्या एकामागून एक येणाऱ्या राउंडअबाउटवर गाडी वळवताना तोंडातल्या तोंडात भांडण. देव ऐकतो का, हा प्रश्न मला पडायचा, पण त्यापेक्षा मोठी धास्ती अशी होती, की ऐकत असेल आणि तरी गप्प बसला असेल तर?

झालं होतं असं. माझी एकुलती एक मुलगी केतकी ब्रिस्टलला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती. सुट्टीत घरी आली, आणि वरणभात कालवता कालवता म्हणाली, "आई, मी आर्मीच्या स्कॉलरशिपला अप्लाय करते आहे." माझ्या हातातला तुपाचा चमचा तसाच राहिला. ती मात्र उत्साहाने सांगत होती, की निवड झाली तर शेवटच्या वर्षांची फी ते भरतात, शिकत असतानाच पगारासारखे पैसे देतात, डॉक्टर झाल्यावर पुढचं ट्रेनिंगही देतात. मी विचारलं, "आणि बदल्यात?" तेव्हा ती जरा हळू आवाजात म्हणाली, "बदल्यात काही वर्षं त्यांच्याकडे नोकरी करायचा. ते पाठवतील तिकडे जायचा." तिचं मराठी इथलंच, लिंगाचा नेहमी घोळ. एरवी मी चिडवते, त्या दिवशी हसूच आलं नाही. नवरा मिलिंद म्हणाला, "तिचं आयुष्य आहे, तिला ठरवू दे." त्याचं हे वाक्य मला आजवर कधी आवडलेलं नाही.

ती परत गेल्यावर मी त्या योजनेचं माहितीपत्रक छापून घेतलं आणि पिवळा हायलायटर घेऊन बसले. फायद्यांची पानं भराभर उलटली, अटी मात्र पाठ केल्या. ठरलेली वर्षं सेवा करावीच लागते. मध्येच सोडलं तर मिळालेलं परत करावं लागतं. पोस्टिंग कुठे, ते आपण ठरवायचं नाही. त्याआधी मुलाखत, धावण्याची परीक्षा आणि कडक वैद्यकीय तपासणी. प्रत्येक अटीखाली मला माझी पोर कुठल्या तरी धुळीच्या मैदानात, तंबूत, हातपाय गमावलेल्या अवस्थेत दिसायची. हो, इतकं वाईट दिसायचं, खोटं कशाला बोलू?

शेवटी मी पारायणाला बसले. शुक्रवारी सुरुवात, गुरुवारी समाप्ती, आमच्या माहेरच्या रिवाजाप्रमाणे सात दिवस. ऑफिसातून रजा घेतली. लाल कापडात नारळ बांधून देवघरात ठेवला आणि संकल्प सोडताना स्पष्ट शब्दांत सांगितलं, की केतकीचा अर्ज फेटाळला जाऊ दे. लोक देवाकडे मुलांचं यश मागतात, मी मुलीचं अपयश मागितलं. तेव्हा त्यात मला काही गैर वाटलं नाही. आईने मुलीला वाचवायला केलेला नवस, असंच मी त्याला म्हणत होते.

पाचव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, पोथी मिटून उठले आणि केतकीचा फोन आला. ती रडत होती. लहानपणापासून ती रडते ती आवाज न करता, त्यामुळे फोनवर नुसते हुंदके. "आई, माझा अर्ज थांबवला. ते म्हणतात मी खोटं लिहिलं." तपासणीच्या फॉर्मवर तिने लिहिलं होतं, की दमा सातव्या वर्षापर्यंत होता, नंतर कधीच नाही. तिच्या सर्जरीतून, म्हणजे इथल्या आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून, गेलेल्या नोंदींत मात्र सोळाव्या वर्षी दोनदा दम्याचा पंप दिल्याचं लिहिलेलं. इतक्या अलीकडे पंप लागलेला उमेदवार त्यांच्या नियमात बसत नाही, आणि लपवणारा तर नाहीच नाही. आठवड्याभरात खुलासा मागितला होता. "मी कधी घेतला पंप, आई? तुला आठवतं काही?"

मला आठवत होतं. मी म्हटलं, "बघू," आणि फोन ठेवला.

तो पंप माझ्या बाबांचा. केतकी सोळा वर्षांची असताना बाबा नागपूरहून सहा महिने आमच्याकडे राहायला आले होते. जन्माचा दमा, आणि आणलेले पंप महिनाभर आधीच संपले. पाहुण्याला इथे कुठे दाखवायचं, किती प्रश्न विचारतील, त्यांना परत पाठवतील की काय, अशा हजार शंका. विचारलं असतं तर सरळ मार्ग होता, हे मला फार नंतर कळलं. मी काय केलं, सर्जरीला फोन लावला आणि सांगितलं की केतकीची छाती पुन्हा भरून येतेय. जुना दमा कागदावर होताच. डॉक्टर तिच्याशी बोलायचं म्हणाल्या, मी म्हटलं, शाळेत परीक्षा चालू आहे. पंप मिळाला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच केलं. बाबा पंप हातात घेऊन म्हणाले होते, "पोरीच्या नावावर कशाला गं घेतलास?" मी त्यांनाच गप्प केलं. आपल्यातल्या कितीजणी असं करतात, एकाचं औषध दुसऱ्याला, एवढं काय त्यात? बाबा पुढच्याच वर्षी गेले. पंपाची गोष्ट मी विसरूनही गेले होते.

आता बघा कशी गंमत केली देवाने. मागितलं ते मिळालं होतं. अर्ज थांबला होता, आणि मी फक्त गप्प बसायचं होतं. नवस फेडायचा आणि मोकळं व्हायचं. पण माझी मुलगी, जी दुकानात जास्तीचं पेन पिशवीत आलं तर परत द्यायला जाते, ती खोटारडी ठरत होती. उद्या डॉक्टर होणाऱ्या मुलीच्या नावावर तो डाग कुठवर पुरला असता कोण जाणे. बुधवारी पोथीच्या ओळी डोळ्यांसमोरून नुसत्या जात राहिल्या. मी उठत होते, बसत होते, नळ उघडत होते, बंद करत होते. सांगितलं तर केतकी मला माफ करणार नाही, आणि वर सैन्यातही जाईल. नाही सांगितलं तर घरी राहील, पण मला तिच्याकडे बघता येईल का?

गुरुवारी समाप्ती. त्या दिवशी नैवेद्याला घेवड्याची भाजी लागते, आणि एका पाहुण्याला जेवू घातल्याशिवाय आपण जेवायचं नाही, ही आमच्या घरची पद्धत. आमच्या गल्लीतल्या कुलकर्णी काकू येणार होत्या. अकरा वाजता त्यांचा फोन, नातवाला ताप आलाय, नर्सरीने बोलावलंय. गुरुवारी भर दुपारी इथे दुसरा पाहुणा कुठून आणायचा? सगळे कामावर. मी देवाला म्हटलं, "घ्या, तुमच्याच पाहुण्याची सोय होईना, माझी काय करणार तुम्ही!" आणि तेवढ्यात बेल वाजली.

बॉयलरची वार्षिक तपासणी करणारा माणूस होता. तारीख मी पार विसरले होते. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा गोरा माणूस, हातात अवजारांची पेटी. बॉयलर आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात. पारायणाच्या आठवड्यात मी तिथे कुणालाही बूट घालून येऊ देत नाही. तो बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्या काढायला लागला, तर मी फटकन म्हटलं, "नाही, बूट काढूनच या, आज घरात पूजा आहे." तो इथल्या लोकांच्या सवयीने म्हणाला, "चालेल, लव्ह, मला थोडा वेळ लागेल फक्त." जिन्याच्या पायरीवर बसला आणि सावकाश बूट काढू लागला. डाव्या बुटातून बाहेर आला तो धातूचा पाय.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी "सॉरी, सॉरी" करत राहिले. तो हसून म्हणाला, "तुमचं घर, तुमचा नियम. आणि या पायाला गार लागत नाही." काम करता करता त्याची नजर टेबलावर गेली. ते माहितीपत्रक तिथेच पडलं होतं, पिवळ्या रेघांनी भरलेलं. "मुलगा जातोय का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "मुलगी. डॉक्टर म्हणून. आणि मला ते नकोय." कसं कोण जाणे, पण अनोळखी माणसासमोर तोंडातून खरं ते निघून गेलं.

त्याने बॉयलरचं झाकण लावलं. मी म्हटलं, "एक विनंती आहे. आज पाहुण्याला जेवू घालावं लागतं. दोन घास खाल का?" त्याने घड्याळ पाहिलं आणि खुर्चीवर बसला. वरणभात, घेवडा, शिरा. घेवडा दोनदा मागून घेतला. जेवताना तो आपणहून बोलला, थोडंच बोलला. म्हणाला, "मला सैन्यात ज्या डॉक्टरने सांभाळलं, तीही कुणाची तरी मुलगीच होती. मी एकेकाला विचारत होतो, पाय वाचेल ना? जो तो म्हणायचा, बघू, बघू. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, पाय नाही वाचणार, तू वाचशील. बरं वाटलं ऐकून. तिने खोटं सांगितलं नाही ना, म्हणून मग मी सगळं तिच्यावर सोडलं."

मंगळवारी मी फोनवर काय म्हटलं होतं, ते त्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण डोळे भरून आले होते. त्याने ताट सिंकमध्ये नेऊन ठेवलं, जिन्यावर बसून बूट चढवले, आणि जाताना एवढंच म्हणाला, "तुमच्या मुलीला माझ्याकडून शुभेच्छा." त्याचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

मी प्रसाद तोंडात टाकला, देवघरातल्या नारळाचं कापड सोडलं आणि तसबिरीसमोर उभी राहून म्हटलं, "माझं मागणं मी मागे घेते. आता तिचं तुम्ही बघा." भांडण न करता बोलले, बहुधा पहिल्यांदाच. मिलिंदला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सावकाश चालव." आणि मी गाडी काढून ब्रिस्टलला निघाले.

केतकी तिच्या खोलीत जमिनीवर कागद पसरून बसली होती. मी सगळं सांगितलं. पंप, आजोबा, फोनवरचं खोटं, नवससुद्धा. नवस सांगायची गरज नव्हती, पण एकदा बोलायला लागल्यावर अर्धं ठेवून चालणार नव्हतं. "तू काय केली हे, आई?" एवढंच म्हणाली आणि खिडकीकडे तोंड केलं. मी तिच्याजवळ गेले नाही, तिला राग येऊ दिला. मग तिच्याच टेबलावर बसून मी खुलासा लिहिला, की चूक माझी, मुलीला याची कल्पना नव्हती, आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी सर्जरीत गेले. डॉक्टरांनी मला समोर बसवून चांगलंच सुनावलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं, सुनावण्यासारखंच होतं.

त्यानंतरचे दीड-दोन महिने कसे काढले ते माझं मला माहीत. केतकी कामापुरतं बोलायची. तिच्या श्वासाच्या तपासण्या झाल्या, नोंदीत दुरुस्ती लिहिली गेली, पुन्हा मुलाखत झाली. मी रोज दिवा लावत होते, पण काय मागावं हेच कळत नव्हतं. निवड होऊ दे म्हणायला जीभ वळत नव्हती, होऊ देऊ नको म्हणायचा हक्क मी घालवला होता. मग नुसतीच बसायची. मन तेव्हाही धावत असायचं, अजूनही धावतं. पण त्या बसण्यात कुठेतरी समोरून आधार आहे असं वाटायचं, यापलीकडे मला सांगता येणार नाही.

एका शनिवारी फोन वाजला. "आई, घेतलं मला!" मी हसले, रडले, आणि भीती वाटायची ती वाटलीच. पुढच्या वर्षी बॉयलर तपासायला दुसराच माणूस आला. मी त्याला गेल्या वर्षीच्या धातूच्या पायाच्या माणसाबद्दल विचारलं, तो म्हणाला, आमच्याकडे सैन्यातून आलेले बरेचजण आहेत. मी आणखी चौकशी केली नाही. कोण होता, कुठून आला, याचा हिशोब मला नको आहे. त्या गुरुवारी माझ्या घरी पाहुणा नव्हता आणि पाहुणा आला, एवढं मला पुरतं. दर गुरुवारी मी आता एक ताट जास्त वाढते.

परवा केतकीचा फोन आला होता. सैन्याचा आणखी एक फॉर्म भरायचा होता, घरातल्या आजारांची माहिती हवी होती. "आई, या वेळी सगळं खरं सांग हं," ती चिडवत म्हणाली, आणि तिचं ते चिडवणं परत ऐकून मला इतकं बरं वाटलं! मी माझं ब्लडप्रेशर सांगितलं, मिलिंदची शुगर सांगितली. "आणि आजोबा?" तिने विचारलं.

तसबिरीसमोरचा दिवा अजून तेवत होता. मी म्हटलं, "लिही बाळा. दमा होता तो आजोबांना."