शेपूट लांब सोडलेली गाठ

समुद्राबद्दल लिहायच्या आधी नरसय्या मामांचं नाव लिहितो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात ते जॉबर (माग दुरुस्त करणारे) होते. दहावीनंतर माझी शाळा सुटली तेव्हा त्यांनी मला मागावर उभं केलं आणि पुढं नौदलाच्या भरतीचा फॉर्मही त्यांनीच भरायला लावला.

सोलापूर स्टेशनवर त्यांनी खिडकीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पिशवी आत दिली. गाडी हलली. पोहायला मी विहिरीत शिकलेला, समुद्र कधी बघितलेलाच नव्हता.

प्रशिक्षण संपल्यावर जहाज मिळालं ते विशाखापट्टणमचं. बंदराबाहेर एका अम्मांची चहाची टपरी आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “तिन्नावा?” (जेवलास का?) मामाही तेलुगूच, कारखान्यात रोज हेच विचारायचे. एवढ्या लांब येऊन तोच शब्द कानावर पडला आणि मला जरा धीर आला.

जहाजावर सगळे मला ‘टॉवेल’ म्हणत. इंडोनेशियाच्या नौदलाबरोबर संयुक्त सराव ठरला होता. दोन जहाजं शेजारी-शेजारी चालत असताना एकमेकांना दोर द्यायचे, असं एक काम त्यात होतं. त्यांच्या पातळ दोराला आमचा जाड दोर बांधायची गाठ बघितली आणि मी हरखलो. तुटलेलं सूत सांधायला मामांनी शिकवलेली ती हीच गाठ. तालमीत सगळ्यांच्या आधी बांधून मी मोकळा झालो. ताण आला, गाठ सुटली आणि दोर पाण्यात गेला.

चूक माझ्या हातांची होती. मागावर गाठीची शेपटं, म्हणजे सुटी टोकं, अगदी आखूड ठेवावी लागतात, नाहीतर ती फणीत अडकतात. इथंही मी तेच केलं होतं. आमच्या डेकचे प्रमुख चीफसाहेब म्हणाले, “टॉवेल, पूँछ बचाकर घर ले जाएगा क्या?” सरावात पुन्हा सुटली तर डेकवरून काढून कोठारात पाठवीन, हेही त्यांनी बजावलं. माझ्याबरोबरचे सगळे बारावी झालेले. मला वाटलं, संपलं आता.

संध्याकाळी टपरीवरून मामांना फोन लावला. ते आधी पोटभर हसले. मग म्हणाले, “आरं, कापडात शेपूट राहिली तर गिऱ्हाईक नाव ठेवतंय. समुद्रात कोण गिऱ्हाईक हाय? सोड की लांब.”

दोन दिवसांनी इंडोनेशियाचे खलाशी आमच्या जहाजावर जेवायला आले. त्यातल्या एकाला मी मामांनी टपालानं पाठवलेली शेंगाचटणी वाढली. डोळ्यांतून पाणी आलं तरी “काचांग, काचांग” (शेंगदाणे) म्हणत त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतली.

सरावाच्या दिवशी तोच समोरच्या जहाजावर दोर फेकायला उभा होता. दोन्ही जहाजांच्या मधलं पाणी नुसतं उसळत होतं. त्याचा दोर आला. बोटांना गाठ पाठ होती. चांगली वीतभर शेपटं सोडली. जाड दोर हळूहळू पलीकडं निघाला, ताणला गेला आणि गाठ जागची हलली नाही. पलीकडून त्यानं घास तोंडात घातल्याची खूण केली. चीफसाहेब मागून म्हणाले, “अगली रस्सी भी टॉवेल ही बाँधेगा.”

सुट्टीला सोलापुरात उतरलो तो आधी मामांकडं गेलो. मोतीबिंदूमुळं त्यांना आता सूत दिसत नाही, म्हणून ते घरीच असतात. मी आणलेले दोराचे दोन तुकडे त्यांनी चाचपले, गाठ मारली आणि शेपटं भरपूर लांब सोडली.

मग विचारलं, “समुद्र केवढा असतोय रं? हिप्परग्याच्या तळ्याएवढा?”

मी म्हणालो, “मामा, आधी तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून घेऊ. मग घरच्यांना जहाजावर येऊ देतात त्या दिवशी मी तुम्हाला डेकवर, माझ्या जागेवर उभं करीन. केवढा आहे ते तुम्हीच बघून सांगा.”