उजव्या हाताचं अक्षर

मंडळी, आज देशपांडे नगरच्या बँकेत एका म्हाताऱ्यानं फॉर्म पुढे केला. "अण्णा, भरून द्या की. हात थरथरतात."

पासबुकावरचं नाव वाचलं आणि डोकं सणकलं. आमच्या शाळेच्या चेअरमनचा मुलगा!

ऐंशीच्या दशकात आम्ही शिक्षकांनी संघटना काढली. नोकरी देतानाच लिहून घेतलेले, तारीख नसलेले राजीनामे परत मागणारा निनावी अर्ज मी लिहिला, कारण मी इंग्रजीचा मास्तर. पण शाळेचे दाखलेही मीच लिहायचो. यानं अक्षर ओळखलं. चौघांनी मला टेबलावर दाबून धरलं आणि यानं सळईनं माझा उजवा हात फोडला.

आज फॉर्म डाव्या हातानं भरला.

"अक्षर छान आहे हो!"

वाकडा उजवा हात त्याच्यासमोर आपटला. "याचं जास्त छान होतं. तू बघितलंयस."

तुम्ही फॉर्म भरला असता?